जहाजातून आलेल्या वस्तूंची यादी

शेवगाव, १४ सप्टेंबर

गोरक्ष,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. पोस्टातल्या कुणी पाकीट फोडलं तर हसेल असं वाटलं. मग वाटलं, पोस्टातल्याला काय पडलंय. असो, खोडलेलं राहू दे, नवा कागद घेत नाही.

माझा नंबर तू बंद करून ठेवलास, आईचाही. हा पत्ता रतनबाईकडून मिळाला. करणची आई म्हणून तिला तरी कळतं तुम्ही दोघं कुठल्या खोलीत राहता ते. तिनं मोबाईलवर दाखवला आणि मी वहीत उतरवून घेताना दोनदा चुकलो. अठ्ठावीस वर्षं पोरांना नकाशात पोर्तुगाल दाखवतोय, आणि त्याच देशातल्या एका खेड्याचं नाव मला धड लिहिता येईना. रतनबाई म्हणाली, "सर, द्या हिकडं, मी लिवते." घ्या.

पत्राचं कारण एकच. आईला फोन कर. माझ्याशी बोलू नकोस, मी म्हणत नाही. तिच्याशी बोल.

घाई कशाची ते सांगतो. जुलैत आठवीला सागरी सफरींचा धडा चालला होता. कारणं आणि परिणाम. हमखास येणारा प्रश्न, पाच मार्कांचा. घरी वह्या तपासत बसलो होतो तर तुझी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "ज्यांच्या मुलखात गोरक्ष गेलाय, त्यांनी आपल्याकडं काय काय आनलं हो?" आता मला कुणी असा प्रश्न विचारला की माझं काय होतं, तुला माहीत आहे. मी सांगत सुटलो. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, मका, लाल भोपळा, पेरू, पपई, सीताफळ, काजू, अननस, तंबाखू. सगळं अमेरिकेतलं, आणि बहुतेक त्यांच्याच जहाजांतून इकडं आलेलं. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंदही तिकडचाच. म्हटलं, मुक्ता, तुझा अख्खा उपास परदेशी आहे. आणि हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "हे समदं कागदावर लिवून द्या."

मी सुवाच्य अक्षरात, आकडे घालून दिलं. तिनं तो कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला आणि म्हणाली, "ह्यातलं कायबी मी त्वांडात घालनार न्हाई. गोरक्षचा फोन येस्तवर."

लोक काशीला जाऊन एखादी भाजी सोडून येतात. हिनं घरबसल्या अर्धा बाजार सोडला. दोन महिने झाले. मला सगळं करून वाढते, स्वतः मिऱ्यांचं कालवण खाते. गंमत बघ, ज्या मिऱ्यांसाठी ते इकडं आले, त्या मिऱ्यांवर तुझी आई दिवस काढते आहे. एकादशीला नुसती भगर आणि दूध. ब्लाऊज सैल झालेत, रतनबाईनंही विचारलं.

पासपोर्ट तिच्या पेटीत सापडला, तू तिला नको ते बोललास, तिच्या पाया न पडता गेलास. तो विषय मी काढत नाही. झालं ते झालं. सहा महिने पुष्कळ झाले. फोन कर.

नाना

४ ऑक्टोबर

गोरक्ष,

पहिलं पत्र पोचलं की नाही कोण जाणे. पोस्टात विचारलं तर म्हणतात पंधरा दिवस, कधी महिना. वास्को द गामाला यायला दहा महिने लागले होते, त्या मानानं बरं आहे.

परवा दसरा झाला. दाराला झेंडू नाही. झेंडूसुद्धा मीच यादीत घातला होता, विद्वत्ता उतू चालली होती ना. तिनं शेवंतीची फुलं आणून आंब्याच्या पानांत ओवली. येणारा जाणारा विचारतो, सर, झेंडू महागला का? मी सांगतो, हो.

पण लिहायला बसलो ते ह्यासाठी नाही. मागच्या आठवड्यात तुझ्या आईला घेऊन नगरला गेलो होतो, डॉक्टरकडे. घाबरू नकोस. तिनंच हट्ट धरला. बरेच दिवस तिचं एक चाललंय: गॅस बंद केला का, दोनदा बघते. कुलूप लावलं का, रस्त्यातनं मागं फिरते. दूध आणलं की कॅलेंडरवर फुली मारते. मी विचारलं तर म्हणाली, "मला इसर पडतोय. पासपोर्ट पेटीत मीच ठिवला असंल आन् मला ठावं न्हाई."

डॉक्टर पोरगेलासाच होता. त्यानं तिला वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. ती माझ्याआधी दोनवर पोचली. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत विचारले, पाचही सांगितले, वर त्याच्या कंपाउंडरचं नावही सांगितलं. तो म्हणाला, आजी, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. ही म्हणते, "मंग त्यो पासपोर्ट शालूखाली कसा गेला, डॉक्टर? पेटीला माझ्याबिगर कुनी हात लावत न्हाई. पोरगं खोटं कशाला बोलंल?"

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो. कानाच्या आतल्या भागांची नावं होती त्यावर.

परत येताना एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. मला बसवत नव्हतं. अमरापूरला उठून उभाच राहिलो, गाडीत जागा असताना.

फोन कर रे बाबा.

नाना

२६ ऑक्टोबर

गोरक्ष,

दिवाळी झाली. चिवडा कसला झाला विचारू नकोस. शेंगदाणा नाही, मिरची नाही. रतनबाईनं एक घास खाल्ला आणि फार सभ्यपणे पाणी मागितलं.

रतनबाईच सांगत होती, तुम्ही प्लॅस्टिकच्या बोगद्यांत रासबेरी तोडता म्हणून. वाकून वाकून करणची पाठ धरते. तुझं ती काही सांगत नाही. विचारलं की म्हणते, "बरा हाय," आणि विषय बदलते. तू तिला बजावलं असशील.

हल्ली संध्याकाळी माझा पाय घरात ठरत नाही. स्टँडवर जाऊन येतो. कुणाला आणायचं नसतं, कुणाला सोडायचं नसतं. पुण्याची गाडी लागली की चढणाऱ्यांच्या पाठीवरच्या बॅगा बघतो. परवा एका कंडक्टरनं विचारलं, सर, कुठं जायचंय? म्हटलं, कुठं नाही.

सुट्टी लागायच्या आधी उजळणी घेतली. फळ्यावर लिहिलं: सफरींची कारणे. खुष्कीचा मार्ग बंद होणे. मसाल्याचा व्यापार. सोने. धर्मप्रसार. कीर्तीची हाव. पोरं उतरवून घेत होती. दुसऱ्या बाकावरची मोनिका उभी राहिली. वीटभट्टीवाल्यांची आहे, बोलायला फटकळ. म्हणाली, "सर, ही तर राजाची कारनं झाली. जे जहाजावर चढले त्यांची कुटली?"

मी म्हटलं, हे परीक्षेला येत नाही, खाली बस.

मग घरी येऊन झोप नाही. खरंच की. गामाबरोबर शे-दीडशे माणसं होती, त्यातली जेमतेम तिसरा हिस्सा घरी परतली असं म्हणतात. बाकीची हिरड्या सुजून, तापानं, समुद्रात. त्यांना कुठलं आलंय सोनं आणि कसली कीर्ती. कुणाची जमीन पुरत नसेल. कुणाला लग्नाला पोरगी मिळत नसेल. एखादा नुसता बापाशी पटत नाही म्हणून चढला असेल.

तू जाणार म्हणालास त्या दिवशी मी काय काय बोललो ते मला पाठ आहे. साडेचारशे वर्षं त्यांनी गोवा दाबून धरला आणि राहुरीला शेतीचा डिप्लोमा करून तू त्यांच्या रानात मजुरी करणार, लाज वाटत नाही का, असं. तू फार शांतपणे म्हणाला होतास, "नाना, पॉलिहाऊसवर सहा वर्षं काढली. तीन स्थळांकडून नकार आला. तुम्ही मला इतिहास सांगता." मी तेव्हा दार आपटून शाळेत गेलो. त्या दिवशी रविवार होता.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. पण कागद संपला.

नाना

(कागद संपलेला नाही, तुला दिसतच असेल.)

९ नोव्हेंबर

गोरक्ष,

आज दुपारी तुझी आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि पेटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझा मला भरवसा न्हाई. उद्या म्या आनकी कायतरी ठिवून बसंन आन् कुनाचं तरी वाटुळं व्हईल."

मी ती घेतली. घेतली, गोरक्ष. 'बरं' म्हणालो.

तेव्हापासून हातात धरून बसलोय. चार वेळा पेन उचललं.

पासपोर्ट मी ठेवला होता.

आता सरळ लिहितो. तुझं विमान मंगळवारचं होतं. शनिवारी तू दाढी करायला गेलास तेव्हा मी तुझ्या बॅगेतून तो काढला आणि शाळेच्या कपाटात टाकला. माझा हिशेब असा, की विमान चुकलं की मग 'सापडेल'. व्हिसाची तारीख टळली की तू राहशील. सोमवारी तू घर उलथंपालथं केलंस, पोलिसांत जातो म्हणालास, शाळेतही बघू म्हणालास. मी घाबरलो. सायकल मारत शाळेत गेलो, तो आणला आणि पहिली जी जागा सुचली तिथं सारला. किल्ली देव्हाऱ्यामागे असते हे आपल्या तिघांनाच माहीत. तुझ्या आईची पेटी तू कधी उघडणार नाहीस असं वाटलं होतं. तू उघडलीस.

तू तिच्यासमोर तो पासपोर्ट धरून विचारलंस, "आई, का?" ती म्हणाली, "मला न्हाई रं ठावं." तू म्हणालास, "मग कुणाला ठाऊक असणार?" तेव्हा मी दारातच होतो. हाताची घडी घालून. एका वाक्याचं काम होतं. ते मी केलं नाही. तू बॅग उचलून माझ्या अंगावरून गेलास.

मोनिकाला मी खाली बसवलं, पण प्रश्न माझ्यासाठीच होता. माझी कारणं काय? मुद्दे काढून बघितले. देशाभिमान हा पहिला मुद्दा लिहिला आणि खोडला. स्टाफरूममध्ये मी इतकी वर्षं परदेशी जाणाऱ्यांवर तोंडसुख घेतलंय, त्यांच्यापुढं नाक कापलं जाईल, हे थोडं खरं आहे. सगळ्यात खरं हे, की तू गेल्यावर ह्या घरात मी आणि मुक्ता दोघंच उरणार आणि मला तिच्याशी काय बोलायचं ते येत नाही. तू मध्ये असलास की घर चालायचं. मला भीती वाटली. बासष्ट किलोचा माणूस, निवृत्तीला दोन वर्षं, आणि भीती कशाची तर जेवताना शांतता होईल ह्याची.

परिणाम तू जाणतोस. तू गेलासच. फक्त आईशिवाय गेलास. आणि इकडं ती स्वतःला वेडी समजायला लागली, आठ महिने, आणि मी तिला डॉक्टरकडं नेऊन आणलं.

हे पत्र उद्या टाकणार आहे.

नाना

१६ नोव्हेंबर

गोरक्ष,

टाकलं नाही. रोज खिशात घेऊन शाळेत गेलो, पोस्टासमोरून गेलो, परत आणलं. तुला आधी सांगून तिला नंतर सांगायचं, हेही पळणंच होतं.

काल सकाळी सांगितलं. ती भाकरी थापत होती. मी किल्ली ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, पासपोर्ट मी ठेवला होता, मुक्ता. तू नाही.

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. उलटली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हंजी मला इसर पडत न्हाई?"

मी म्हटलं, नाही.

"गॅस म्याच बंद करते?"

"तूच करतेस."

ती खाली बसली. पिठाच्या हातानं तोंड झाकून घेतलं आणि रडली. मला आधी वाटलं रागानं. तसं नव्हतं. सुटल्यावर माणूस रडतं तसं होतं ते. तव्यावरची भाकरी जळली. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिची भाकरी जळलेली मी पहिल्यांदा बघितली.

मग उठली. तोंड धुतलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "आट म्हैनं, सर." ती मला सर म्हणत नाही. गाव म्हणतं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं ऐक. तिनं परसातल्या झाडाच्या हिरव्या मिरच्या तोडून आणल्या, शेंगदाणे भाजले, लसूण घातला आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं ठेचा रगडला. घरभर खकाणा. मला शिंका आवरेनात. ताट घेऊन बसली आणि अख्खी भाकरी ठेच्याशी खाल्ली, डोळ्यांतनं पाणी गळत होतं तरी. मी म्हटलं, अगं, नेम? फोन तर आला नाही अजून. ती म्हणाली, "नेम चूक करनाऱ्याचा आसतोय. चूक माझी हाय आसं समजून म्या धरला हुता. ती लोकं दर्यापलीकडनं आली, त्येंनी माझ्या लेकराचं काय केलं? माझं लेकरू घरच्यानंच तोडलं."

उठून दाराला चिकटवलेली यादी काढली. वाटलं, आता चुलीत. तर तिनं ती माझ्या टेबलासमोर, माझ्या वेळापत्रकावर चिकटवली. म्हणाली, "आता तुमी सोडा. गोरक्ष तुमच्याशी बोलंस्तवर."

माझ्या पुढ्यात मिऱ्यांचं कालवण आलं.

हे आणि मागचं, दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालतोय. खाली तिनं लिहिलंय. चौथीनंतर तिनं सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. शुद्धलेखन मी तपासलेलं नाही, तिनं तपासू दिलं नाही.

*गोरक्षा. पेटीत मी नव्हतं ठिवलं. तुझ्या बापानी ठिवलं. त्यानीच सांगीतलं. तु जातो म्हनला तवा मला वाईट वाटलं पन मी तुझ्या पिशवीत लाडु भरले हुते ते तु घेतले न्हाई. मुंग्या लागल्या. जेवन करीत जा. पाट धरली तर तेल लाव. फोन कर. बापाचं काय करायचं ते मी बगते.*

१३ डिसेंबर

गोरक्ष,

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. तिनं आकडा बघितला, भारतातला नव्हता, आणि मोबाईल घेऊन पळाली. गुडघे दुखतात म्हणणारी बाई. चपला न घालता परसात.

मी अर्ध्या दाढीनं दाराआड उभा. एकदा ती नुसती "आरं... आरं..." म्हणत होती. मग रडली. मग बराच वेळ ऐकत होती. शेवटी हसली, मोठ्यानं, पोटातून. तो आवाज ह्या घरात मार्चपासून ऐकला नव्हता. चाळीस मिनिटं बोललात. मी घड्याळ बघत होतो, खोटं कशाला बोलू.

ती आत आली तेव्हा मी विचारलं नाही. तोंड पुसत पुसत आरशात बघत राहिलो. तिनंच सांगितलं. तू क्षमा मागितलीस म्हणे तिची. ती म्हणाली, "म्या म्हनलं, सोड." करणची पाठ बरी आहे. थंडी पुष्कळ आहे. एप्रिलमध्ये पंधरा दिवस यायचं बघतोस. तू पाठवलेला फोटो रतनबाईला दाखवून आली, रासबेरी दाखवत म्हणाली, "हे यादीत न्हाई, मी खानार."

मी विचारलं, माझं काही? ती म्हणाली, "न्हाई. तुमचं नाव त्यानी काडलं न्हाई."

बरोबर आहे. मी तुझ्या जागी असतो तर मीही काढलं नसतं.

शाळेत सोमवारी मोनिकाला उभं केलं. म्हटलं, तुझा प्रश्न बरोबर होता, मी खाली बसवायला नको होतं. जे चढले त्यांची कारणं कुणी लिहून ठेवली नाहीत. आणि जे किनाऱ्यावर राहिले त्यांची तर विचारलीही नाहीत. ती म्हणाली, "मंग परीक्षेत काय लिवायचं, सर?" म्हटलं, परीक्षेत राजाचीच लिही. बाकीची घरी विचारून ये. दुसऱ्या दिवशी ती तिच्या बापाचं भट्टीवर यायचं कारण लिहून घेऊन आली, दीड पान. मी लाल पेन उघडलंच नाही.

रोज ताटात तेच येतं. तुझी आई समोर बसून ठेचा खाते. मुद्दाम जास्त करते असं माझं मत आहे. स्वयंपाकात तोडगा नाही, मी शोधून बघितला: टोमॅटो नाही म्हणून चिंच, सूर्यफुलाचं तेलही तिकडचंच निघालं म्हणून करडई. स्टाफरूममध्ये डबा उघडला की सगळे विचारतात, सर, पथ्य आहे का? परवा सांगून टाकलं. सगळं सांगितलं, कपाटापासून. ऐकून सगळे आपापले डबे खाऊ लागले. जेवताना शांतता झाली आणि मी मेलो नाही.

घरीही आता बोलतो आम्ही. म्हणजे ती बोलते. मला रागावते, मग तुझ्याविषयी सांगते, मग परत रागावते. मी ऐकतो. स्टँडवर जायचं कमी झालंय.

काल रात्री अंथरूण घालताना ती आपणहून म्हणाली, "खरं सांगू का. फोन ठिवायच्या आदी त्यानी एक इचारलं हुतं." मी उठून बसलो. म्हणाली, "मी नेमाचं सांगितलं तवा हसला. मंग म्हनला, आई, मग नाना खातात काय?"

तू विचारलंस. एवढं मला पुरेल असं लिहिणार होतो, पण पुरत नाही.

सोमवारी एकादशी आहे. साबुदाणा आणून ठेवलाय, तिच्या एकटीपुरता. माझी भगर वेगळी काढून ठेवलीय. तू विचारलंस म्हणून सांगतो: मी चार आठवडे मिऱ्यांचं कालवण खातोय, गोरक्ष, आणि ते मला मुळीच आवडत नाही.

नाना